हर्सूल शोधायचंय, पण कोणत्या नावाने?

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं: "या विषयावर फारसे साहित्य उपलब्ध नाही." मराठवाड्यावरचा विषय असेल तर ते जास्तच दिसतं. या वाक्यामागे अनेकदा एवढंच घडलेलं असतं, की सर्च बॉक्समध्ये एकच शब्द एकदाच टाईप केलेला असतो. आज आपल्या हर्सूलचंच उदाहरण घेऊन बघूया.

आधी एक गोष्ट पक्की करा. डेटाबेसला गाव माहीत नसतं, त्याला फक्त अक्षरं माहीत असतात. कागद ज्याने लिहिला त्याने जे नाव वापरलं, तेच तिथे सापडणार. त्यामुळे शोधायला बसण्याआधी त्या नावाचा इतिहास समजून घ्यावा लागतो.

देवनागरीतच बघा: हर्सूल, हर्सुल, हरसूल, हरसुल. आपल्याला हे चारही एकच वाटतात, पण संगणकासाठी हे चार वेगळे शब्द असू शकतात. रोमन लिपीत तर आणखी गंमत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले इंग्रज अधिकारी आपला 'अ' बऱ्याचदा 'यू'ने आणि 'ऊ' दोन 'ओ'ने लिहीत. १८७० च्या दशकात हंटर यांच्या लिप्यंतर पद्धतीला सरकारी मान्यता मिळाली, आणि 'अ'साठी 'ए', 'उ'साठी 'यू' असं वळण पडलं. म्हणजे १८४० चा कागद शोधताना आजचं स्पेलिंग टाकलंत तर हाती काही लागणार नाही. डेटाबेसमध्ये तारांकनाची सोय असेल तर स्वरांच्या जागी तारा टाका. ती सोय सगळीकडे नसते, म्हणून 'हेल्प'चं पान आधी वाचा.

आता शहराकडे येऊ. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं ते खडकी. पुढे फतेहनगर, औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नुसतं 'खडकी' टाकलं की पुण्याची खडकी समोर येते. 'औरंगाबाद' टाकलं की बिहारमधला जिल्हाही येतो. हर्सूलचंही तसंच, नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यात दुसरं हर्सूल आहे. अशा वेळी 'अँड' लावून सोबत जिल्ह्याचं नाव जोडा आणि 'नॉट' लावून नको तो जिल्हा वगळा. पण 'नॉट' जपून वापरा, कारण दोन्ही गावांचा उल्लेख असलेला कागदही त्यात गळून जातो.

यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो राज्याचा. मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स ऑनलाईन सहज मिळतात, म्हणून मुलं तिथेच शोधतात. पण आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हताच, तो निजामाच्या राज्यात होता. औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर १८८४ चं आहे आणि ते निजामाच्या मुलखाच्या मालिकेतलं आहे. मुंबईच्या मालिकेत 'हर्सूल' सापडलंच, तर ते बहुधा नाशिककडचं निघेल! मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधीच्या निजामी दप्तराचा मोठा भाग हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे, आधीचा फारसीत आणि १८८० च्या दशकानंतरचा मुख्यतः उर्दूत. ब्रिटिश रेसिडेंटशी झालेला पत्रव्यवहार बघायचा असेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर जा. तिथे गावाच्या नावाऐवजी 'हैदराबाद', 'निझाम' आणि परराष्ट्र व राजकीय खात्याचं नाव टाकून सुरुवात करा.

सालाचंही तसंच आहे. समजा तुम्हाला १९३८ च्या सत्याग्रहींचे कागद हवेत. ऑक्टोबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाठोपाठ नोव्हेंबरात वंदे मातरम् आंदोलन झालं. पण हैदराबाद संस्थानाच्या कागदांवर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. म्हणजे तुम्हाला हवी असलेली फाईल १३४८ फसलीची. 'तारीख' या चौकटीत १९३८ टाकून ती येईलच असं नाही.

तुरुंगाचं उदाहरण तर रोजचं आहे. आपण सगळे 'हर्सूल जेल' म्हणतो, वर्तमानपत्रंही तेच लिहितात. शहराचं नाव बदलण्याआधीच्या सरकारी कागदात मात्र ते औरंगाबाद मध्यवर्ती कारागृह होतं. बातम्या शोधायच्या असतील तर पहिलं नाव, अहवाल शोधायचे असतील तर दुसरं. दोन्ही नावं अवतरणचिन्हांत घालून मध्ये 'ऑर' टाका.

घटनांची नावं तर लिहिणाऱ्याची बाजूच सांगतात. सप्टेंबर १९४८ ला आपण 'हैदराबाद मुक्तिसंग्राम' म्हणतो, इंग्रजी कागदात ती 'पोलीस ॲक्शन' आहे, लष्करी साहित्यात 'ऑपरेशन पोलो', आणि उर्दू पुस्तकांत 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचा पाडाव. यातला एकच शब्द टाकलात तर एकाच बाजूची साधनं समोर येतील, आणि प्रबंधही नकळत एकाच बाजूचा होईल. कीवर्ड निवडतानाच आपण कोणाचं ऐकायचं हे ठरवत असतो.

मग करायचं काय? एका वहीत चार रकाने आखा: नावाची सगळी रूपं, त्या काळची सत्ता, कागदाची भाषा, आणि कालगणना. हे भरल्याशिवाय सर्च बॉक्स उघडू नका. शोधगंगेवर आपल्या विषयाजवळचे दोन-तीन प्रबंध काढा आणि त्यांच्या संदर्भसूचीतून नवे शब्द उचला. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकात शब्द सापडला नाही, तर अनुक्रमणिका आणि शेवटची सूची डोळ्यांनी वाचा. मशीनने वाचलेल्या देवनागरीत रफार आणि जोडाक्षरं फार चुकतात, आणि 'हर्सूल'मध्ये नेमका रफार आहे.

प्रत्येक शोधाची नोंद ठेवा: कुठे, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेला. मग सिनॉप्सिसमध्ये "साहित्य उपलब्ध नाही" असं लिहावं लागणार नाही. "अमुक ठिकाणी अमुक शब्दांनी शोधले, इतके मिळाले, उर्दू दप्तर अजून पाहायचे आहे" असं लिहाल, आणि गाईडना, पुढच्या संशोधकालाही त्याचा उपयोग होईल.