दगडावर नाव कोणाचं?

गावाबाहेरच्या मारुतीपाशी, पारावर नाहीतर विहिरीच्या काठाला, शेंदूर फासलेला, चित्रांचे तीन-चार मजले असलेला दगड तुम्ही नक्की पाहिला असेल. तो वीरगळ. लढताना पडलेल्या माणसाचं स्मारक. आता सांगा, त्यावर त्या माणसाचं नाव कधी वाचलंय? महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर ते नसतंच.

हे मला खटकायचं कारण म्हणजे सध्या चालू असलेलं वाचन: उत्तर-रोमन काळातल्या सैनिकांच्या थडग्यांवरचे लेख. इटलीत व्हेनिसजवळ कॉन्कॉर्डिया नावाचं गाव आहे. तिथे १८७३ साली दगडी शवपेट्यांची अख्खी दफनभूमी सापडली. काळ साधारण चौथ्या शतकाचा शेवट ते पाचव्याची सुरुवात. त्यांतल्या बऱ्याच पेट्या सैनिकांच्या. लेख वाचताना डेटाबेसचं टेबल बघतोय असंच वाटतं! नाव, पलटण, हुद्दा, पेटी कोणी करवून घेतली... सगळे रकाने भरलेले. अर्ध्याअधिक मंडळींचं नाव 'फ्लाविउस'ने सुरू होतं, कारण कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचं हे नाव सरकारी चाकरीची खूणच बनलं होतं. आणि शेवटी तंबी: ही पेटी कोणी उघडली तर सरकारी खजिन्यात इतका दंड भरावा लागेल. आपल्याकडच्या गधेगाळी दान मोडणाऱ्याला शिवी घालतात, हे लोक थेट पावती फाडतात :)

आता आपला वीरगळ. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई. शेजारी गाई कोरल्या असतील, तर वीर गावाची गुरं वाचवताना गेला असं समजायचं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत. वर तो शिवपिंडीसमोर हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. पण कोणाची कीर्ती? ते लिहिलेलंच नाही.

लिहिता येत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, लांबलचक प्रशस्ती कोरून ठेवलीये. दुसऱ्या शतकातला हा लेख. त्यात राजाने जिंकलेल्या प्रदेशांची यादी आहे, त्याचं रूप, त्याचा पराक्रम, सगळं आहे. पण त्या लढायांत मेलेल्या एकाही शिपायाचं नाव नाही. शेजारच्या कर्नाटकात मात्र वीरगळांवर लेख भरपूर. बंगळुरूचं नाव ज्यात येतं तो इ. स. ८९० च्या आसपासचा बेगूरचा लेखही वीरगळावरचाच.

माझ्या मते फरक शौर्याचा नाही, नोंदवहीचा आहे. रोमन शिपाई पगारी नोकर. त्याचं नाव, पलटण, हुद्दा सरकारदरबारी आधीच लिहिलेलं असायचं. आपला वीर बऱ्याचदा गावातलाच कोणीतरी. दरोडा पडला, काठी-तलवार घेऊन धावला आणि गेला. गावात प्रत्येकाला तो माहीत होता. नाव लिहायचं कोणासाठी?

पण नुसती नोंदवही असून भागत नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणी लढल्या. १९२९ साली बसऱ्याला भलंमोठं स्मारक उभं राहिलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या! म्हणजे शुद्ध हेडकाउंट. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने अशा भेदभावाबद्दल २०२१ साली माफी मागितली. तब्बल ९२ वर्षांनी.

आणि तरीही नाशिककर म्हणून मला एक गोष्ट सांगायचीये. धुळवडीला जुन्या नाशकात वीरांची मिरवणूक निघते. घराघरांतले वीरांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, वाजतगाजत गोदावरीवर नेतात, आंघोळ घालतात. बाशिंग बांधलेला दाजीबा वीरही त्याच दिवशी निघतो. लग्नाच्या तोंडावर मारल्या गेलेल्या तरुणाची ती दंतकथा. टाक कितव्या पिढीतल्या कोणाचा, हे घरच्यांनाही सांगता येईलच असं नाही. पण 'आपला वीर' म्हणून त्याला दरवर्षी पाणी मिळतं. कॉन्कॉर्डियाच्या फ्लाविउसचं नाव शाबूत आहे, पण त्याला आपला म्हणणारं आज कोणी नाही.

वीरगळांचं मात्र तसं नाही. त्यांतल्या कित्येकांना आता विचारणारंही कोणी उरलेलं नाही. कुठे त्यावर कपडे धुतात, कुठे ऑइलपेंट फासलाय, कुठे रस्ता रुंद करताना भरावात गेलेत. नाव तर नव्हतंच, आता दगडही जातोय. तेव्हा पुढच्या ट्रेकला पायथ्याच्या गावात असा दगड दिसला तर दोन मिनिटं थांबा. फोटो काढा, गावाचं नाव आणि जागा लिहून ठेवा, आणि गावातल्या एखाद्या आजोबांना विचारा, "हा कोण?" कदाचित त्यांना माहीत असेल.