४के मॉनिटर आणला, पण माउस अडखळतोय? दोष अनेकदा केबलचा किंवा पोर्टचा असतो

सेलमध्ये चांगली सूट बघून २७ किंवा ३२ इंची ४के मॉनिटर घेतला. घरात पडलेली एचडीएमआय केबल शोधून लॅपटॉपला जोडली. चित्र आलं, रंगही छान दिसतायत. पण माउस हलवला की बाण तुटक तुटक सरकतो. पान स्क्रोल केलं की अक्षरं फरफटत जातात. पहिला संशय येतो मॉनिटरवर, दुसरा लॅपटॉपवर. मग कुणी मॉनिटर परत पाठवतं, तर कुणी थेट नवा लॅपटॉप बघायला लागतं.

खरं तर दोन्ही यंत्रं ठणठणीत असू शकतात. लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप, लॅपटॉपचा पोर्ट, केबल, मधला हब किंवा अडॅप्टर आणि मॉनिटरचा पोर्ट अशी ही पाच कड्यांची साखळी असते. यातली सगळ्यात कमकुवत कडी जेवढं पेलू शकते, तेवढंच चित्र पडद्यावर येतं. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी ही साखळी तपासणं महत्त्वाचं ठरतं.

४के म्हणजे नेमका किती डेटा?

साध्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. ४के मॉनिटरवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. बरोबर चौपट.

हे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं, त्याला रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. रोजच्या कामासाठी ६० हर्ट्झ हवेत. एका पिक्सेलच्या रंगासाठी २४ बिट धरले, तर ४के चित्र ६० हर्ट्झवर पाठवायला सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट डेटा लागतो. हा झाला फक्त चित्राचा हिशोब. सिग्नलमधल्या इतर गोष्टींसाठी आणखी थोडी जागा लागते.

गच्चीवर कितीही मोठी टाकी बसवली, तरी पाणी नळाच्या तोंडाएवढंच येतं. इथेही तसंच होतं. एवढा डेटा जाईल अशी वाट नसेल, तर लॅपटॉप आणि मॉनिटर आपसात तडजोड करतात. रिझोल्युशन ४केच राहतं, पण रिफ्रेश रेट ३० हर्ट्झवर येतो. चित्र दर १७ मिलिसेकंदांऐवजी दर ३३ मिलिसेकंदांनी बदलायला लागतं आणि माउस अडखळल्यासारखा वाटतो.

एचडीएमआय पोर्ट दिसायला सारखे, ताकद वेगळी

एचडीएमआयच्या आवृत्त्या बदलत गेल्या, पण पोर्टचा आकार तोच राहिला. म्हणून नुसतं बघून काही कळत नाही.

- एचडीएमआय १.४ (२००९): ४के चित्र जास्तीत जास्त ३० हर्ट्झवर.
- एचडीएमआय २.० (२०१३): सेकंदाला १८ गिगाबिटची क्षमता, ४के ६० हर्ट्झवर.
- एचडीएमआय २.१ (२०१७): ४८ गिगाबिटपर्यंतची क्षमता, ४के १२० हर्ट्झवरही.

जुन्या लॅपटॉपचं दुखणं इथेच असतं. उदाहरणार्थ, इंटेलच्या आठव्या पिढीच्या यू मालिकेतल्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स डिस्प्लेपोर्टवरून ४के ६० हर्ट्झवर देऊ शकतात, पण एचडीएमआयवरून थेट दिलं जाणारं ४के ३० हर्ट्झच्या आसपासच थांबतं. काही कंपन्यांनी वेगळी चिप बसवून ही मर्यादा ओलांडली, अनेकांनी नाही. अशा लॅपटॉपला कितीही महागडी एचडीएमआय केबल लावली तरी फरक पडत नाही.

आणखी एक मेख आहे. खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’ लिहिलं, म्हणजे ४८ गिगाबिट मिळणारच असं नाही. या आवृत्तीतल्या बऱ्याच सुविधा ऐच्छिक आहेत. त्यामुळे आवृत्तीचा आकडा वाचण्यापेक्षा ‘या पोर्टवर ४के किती हर्ट्झला चालतं’ हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघावं.

यूएसबी-सी म्हणजे फक्त आकार

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. यूएसबी-सी हे त्या लंबगोल पोर्टच्या आकाराचं नाव आहे. त्यातून काय काय जाईल, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एका पोर्टमधून फक्त डेटा जातो, दुसऱ्यातून डेटा आणि चार्जिंग, तर तिसऱ्यातून या दोन्हींसोबत व्हिडिओही जातो.

व्हिडिओ जाण्यासाठी पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ नावाची सोय लागते. पोर्टशेजारी इंग्रजी डी आणि पी अक्षरं एकत्र केलेलं चिन्ह किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह असेल, तर बहुधा काम होतं. चिन्ह नसेल, तर लॅपटॉपचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर तपशील बघावा. त्यात डिस्प्लेपोर्ट, थंडरबोल्ट ३ किंवा ४, किंवा यूएसबी ४ यांपैकी काही लिहिलेलं असेल, तर मॉनिटर थेट जोडता येतो.

केबलचंही तेच. मोबाईलच्या खोक्यात येणारी यूएसबी-सी केबल अनेकदा चार्जिंग आणि संथ डेटापुरतीच बनवलेली असते. ती मॉनिटरला लावली की लॅपटॉप चार्ज होईल, पण पडदा काळाच राहील.

पोर्ट आणि केबल दोन्ही योग्य असतील, तर मात्र एका केबलमधून चित्र, आवाज, मॉनिटरमागच्या यूएसबी पोर्टचा डेटा आणि लॅपटॉपचं चार्जिंग असं सगळं होतं. मॉनिटर किती वॅट देतो, तेवढं बघून घ्यावं. साध्या लॅपटॉपला ६५ वॅट सहसा पुरतात, गेमिंग लॅपटॉपला त्याचा मूळ चार्जरच लागतो.

स्वस्त हबचा सापळा

लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट नसला की लोक यूएसबी-सी हब घेतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘४के’ असतं आणि बारीक अक्षरात ‘३० हर्ट्झ’. घेताना ही बारीक अक्षरं वाचायलाच हवीत.

यामागे कारण आहे. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान डेटासाठी चार मार्गिका असतात. हबला पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क वेगाने चालवायची असेल, तर दोन मार्गिका त्यासाठी जातात आणि व्हिडिओला दोनच उरतात. लॅपटॉप जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ चा असेल, तर उरलेल्या जागेत ४के ६० हर्ट्झवर मावत नाही. डिस्प्लेपोर्ट १.४ असेल, तर दोन मार्गिकांतही ते बसतं. म्हणजे एकच हब एका लॅपटॉपवर सुरळीत चालतो आणि दुसऱ्यावर अडखळतो. फक्त मॉनिटर जोडायचा असेल, तर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट ही थेट केबल जास्त भरवशाची.

अडॅप्टरला दिशा असते, हेही लक्षात ठेवावं. लॅपटॉपचा डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरचा एचडीएमआय यांना जोडणारी केबल उलट दिशेने चालत नाही. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल, तर त्यासाठी वेगळा, वीज लागणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

घरातला ४के टीव्ही चालेल का?

चालेल, पण दोन गोष्टी कराव्या लागतात. अनेक टीव्हींमध्ये एचडीएमआय पोर्टची पूर्ण क्षमता सुरुवातीला बंद असते. ती सेटिंगमध्ये जाऊन त्या त्या पोर्टसाठी चालू करावी लागते. दुसरं म्हणजे टीव्हीवर ‘पीसी मोड’ निवडावा. नाहीतर रंगीत अक्षरांच्या कडा पसरट दिसतात किंवा चित्राच्या कडा कापल्या जातात.

जोडल्यावर या सेटिंग बघा

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जावं. वर बाहेरचा मॉनिटर निवडावा आणि रिफ्रेश रेट बघावा. तिथे ३० दिसत असेल आणि यादीत ६० हा पर्याय असेल, तर तो निवडला की काम झालं. ६० यादीतच नसेल, तर साखळीतली एखादी कडी कमी पडतेय. आधी केबल बदलून बघावी, मग हब काढून, मग दुसरा पोर्ट वापरून. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर दोषी कोण ते कळतं.

अक्षरं बारीक दिसत असतील, तर रिझोल्युशन कमी करू नये, चित्र धूसर होतं. त्याऐवजी स्केलिंग वाढवावं. २७ इंची ४के स्क्रीनवर १५० टक्के बहुतेकांना सोयीचं वाटतं. मॅकमध्ये हेच काम सिस्टीम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेज विभागात होतं. मॅकबुक एअर वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं: एम१ आणि एम२ चिपच्या एअरवर थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. एम३ वर झाकण बंद ठेवून दोन, तर एम४ वर झाकण उघडं असतानाही दोन चालतात.

लॅपटॉप जुना असेल तर?

लॅपटॉपला फक्त एचडीएमआय १.४ असेल आणि नवा लॅपटॉप इतक्यात घ्यायचा नसेल, तर ४केचा हट्ट सोडलेला बरा. २७ इंची, २५६० गुणिले १४४० पिक्सेलचा क्यूएचडी मॉनिटर या आवृत्तीवरही ६० हर्ट्झवर चालू शकतो. लॅपटॉप तेवढं रिझोल्युशन देतो का, हे मात्र आधी तपासावं. यात पिक्सेल फुल एचडीपेक्षा पावणेदोन पट जास्त मिळतात, माउसही अडखळत नाही आणि किमतीतही सहसा फरक पडतो.

‘बाय नाऊ’ दाबण्याआधी

- लॅपटॉपच्या पोर्टवर ४के किती हर्ट्झला चालतं, ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघा.
- यूएसबी-सी वापरणार असाल, तर त्यातून व्हिडिओ जातो का ते तपासा.
- मॉनिटरसोबत कोणती केबल येते, ते वाचा.
- एचडीएमआय केबल वेगळी घेणार असाल, तर ४के ६० हर्ट्झसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि १२० हर्ट्झसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं प्रमाणित लेबल बघा.
- हबच्या वर्णनात ‘४के’च्या पुढे ‘६० हर्ट्झ’ लिहिलंय का, ते बघा.
- परत करण्याची मुदत संपण्याआधी जोडणी करून रिफ्रेश रेट तपासा.

ही तपासणी दहा मिनिटांची आहे. ती आधी केली, तर जिथे केबल बदलून भागणार आहे, तिथे हजारो रुपयांचा मॉनिटर किंवा लॅपटॉप बदलायची वेळ येत नाही.