पादचाऱ्याचे खाते

दिल्लीत बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला या शहराची खरी ओळख होते ती रस्ता ओलांडताना. बसचा थांबा समोर दिसत असतो. परंतु मध्ये लोखंडी कठडा, दुभाजक आणि मोटारींचा अखंड लोंढा आडवा येतो. मग पुलाच्या पायऱ्या शोधीत फर्लांगभर मागे जावयाचे, चढावयाचे आणि उतरावयाचे. कचेरीत जाता-येता हा द्राविडी प्राणायाम आम्ही नित्य करीत असतो. लोकसंख्या वाढली म्हणून असे झाले, हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही.

शहाजहानची कन्या जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास चांदणी चौक आखला, तेव्हा त्याच्या मधून कालवा वाहत असे. त्या काळी पायी चालणारा सुखी होता असा आमचा दावा नाही. एखाद्या अमिराची स्वारी निघाली की बिचाऱ्याला भिंतीला टेकावेच लागत असणार. पण स्वारी निघून गेली की रस्ता पुन्हा त्याचा होई. १९०८ मध्ये तेथून ट्राम धावू लागली आणि १९६३ मध्ये ती बंद पडली.

नवी दिल्ली मात्र मुळातच निराळ्या मनोवृत्तीतून जन्मली. १९११ मध्ये राजधानीची घोषणा झाली आणि १९३१ मध्ये नव्या शहराचे उद्घाटन झाले. रुंद रस्ते मिरवणुकींना आणि मोटारींना शोभणारे होते. ज्याचे पद वरचे त्याचा बंगला व्हाइसरॉयच्या निवासाजवळ. आम्हा कारकून मंडळींची घरे गोल मार्केटच्या बाजूला. साहेबापाशी मोटार आणि कारकुनापाशी पाय किंवा सायकल, हे आराखड्यातच गृहीत धरलेले दिसते.

याच सुमारास एक महत्त्वाची गोष्ट घडली आणि तिच्याशी एका मराठी नावाचा संबंध आहे. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. प्रांतिक सरकारांच्या तिजोऱ्यांना रस्ते झेपत नव्हते. त्या दृष्टीने ही योजना शहाणपणाचीच होती. जयकरांना आम्ही दोष देत नाही. तथापि सरकारी हिशेबाशी ज्याचा संबंध येतो त्याला ठाऊक असते की, जमा ज्याच्या नावावर, खर्चाचा हक्कही हळूहळू त्याच्याच नावावर जातो. पादचारी पेट्रोल जाळीत नाही, म्हणून त्याचे खातेच उघडले गेले नाही.

पुढे अभियंत्यांनी रहदारी मोजावयाचे जे माप स्वीकारले त्यातही मोटार हेच एकक आले. सायकल म्हणजे मोटारीचा काही अंश, बस म्हणजे मोटारीच्या काही पट. पायी चालणाऱ्याला या कोष्टकात आकडाच नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत उड्डाणपूल झाले. मूलचंदचा पूल त्यांतलाच.

त्याच मूलचंदपासून आंबेडकर नगरपर्यंत २००८ मध्ये ५.८ किलोमीटरचा एक वेगळा रस्ता सुरू झाला. मधल्या पट्ट्यात बसगाड्या, कडेला सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना राखीव जागा. त्यात दोष होते. बसथांबे मधोमध असल्याने तेथे पोचण्यासाठी उतारूंना मोटारींचा पट्टा ओलांडावा लागे. पण ओरड झाली ती मोटारवाल्यांना खोळंबून राहावे लागते याची. बसचा पट्टा मोटारींनाही खुला करावा, हे मागणे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अमान्य केले. वाहने मोजावयाची की त्यांतील माणसे, हाच त्या वादाचा गाभा होता. न्यायालयात टिकलेला तो रस्ता राजकारणात टिकला नाही. २०१५ मध्ये सरकारने तो मोडण्याचे ठरविले आणि २०१६ मध्ये मोडण्यास आरंभ झाला.

२०२२ या एका वर्षात देशात ३२ हजारांहून अधिक पादचारी रस्त्यावरील अपघातांत मरण पावले. पदपथ हा नागरिकाच्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले.

चांदणी चौकाला मात्र सप्टेंबर २०२१ मध्ये निराळे दिवस आले. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या सुमारे १.३ किलोमीटर रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी झाली. एका सायंकाळी आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. लाल दगडाच्या फरशीवरून मुलीचा हात न धरता चाललो, दगडी बाकावर बसून जिलबी खाल्ली. मधूनच एखादी मोटारसायकल शिरे; दुकानदार तिकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत. घरी परतण्यासाठी मुख्य रस्त्यावर आलो, तेव्हा मुलीने आपणहून आमचा हात धरला.