राबाची राख व रानाचा हक्क

ठाणे व कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यांतील आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा, तर आरंभ राबापासूनच करावा लागतो. ऐनाच्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा व गवत यांचे थर रोपांच्या वाफ्यावर पसरून वर माती टाकावयाची, उन्हाळ्यात ते भाजावयाचे व त्या राखेत भाताचे बी पेरावयाचे, ही ती रीत. १८७८ च्या वनकायद्याने राने राखीव होऊ लागली आणि डहाळी तोडणेही गुन्हा ठरू लागले. असंतोष इतका वाढला की, सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला.

हे सारे ग्रंथांत सापडते. राब वाहणाऱ्या मजुराचे कथन मात्र सापडत नाही. ऐंशी ओलांडलेले आपले एक आजोबा सांगतात : उन्हाळ्यात डोक्यावर टहाळांचे भारे, पावसात परक्याच्या शेतावर लावणी, आणि भात झोडून झाले की उचल घेऊन कोळशाच्या भट्टीवर मुक्काम. पुढे खताच्या गोणी आल्या व राब मागे पडला. १ एप्रिल १९५७ रोजी कुळकायद्याने कुळे मालक मानली गेली. ज्याची कूळ म्हणूनही नोंद नव्हती, तो मजूर कोरडाच राहिला. ही गोष्ट आपण आपापसांत फारशी बोलत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आदिवासींखेरीज इतरांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. दावेदाराव्यतिरिक्त अन्य वृद्धांचे लेखी घेतलेले कथन त्यास पुरावा म्हणून चालते. आजोबांचे कथन यंदाच्या उन्हाळ्यातच उतरवून घेतले पाहिजे.