टेंभुर्णी, भोकरदन आणि भीमनगर

ग्रामनामे आणि गल्ल्यांची नावे ही इतिहासाची साधने होत. मात्र ती वाचण्यास भाषेची शिस्त लागते. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी हे नाव त्याच नावाच्या वृक्षावरून आले, हे उघड आहे. पालीत याच कुळातील वृक्षास 'तिंबरु' म्हणतात. सुत्तनिपातातील पराभवसुत्तात त्याच्या फळाची उपमा आली आहे. शेजारच्या तालुक्यातील भोकरदनही भोकराच्या झाडावरून पडलेले नाव वाटते. तो मात्र भास आहे.

सांचीच्या स्तूपावरील ब्राह्मी दानलेखांत 'भोगवढन' येथील दात्यांचा उल्लेख आढळतो. हे भोगवर्धन म्हणजेच आजचे भोकरदन. १९७३ च्या उत्खननात तेथील सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. सुत्तनिपाताच्या वत्थुगाथेत बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठान म्हणजे पैठणहून माहिष्मती, उज्जैन, विदिशा असे उत्तरेस जातात; सांची विदिशेच्या लगतच आहे. दक्षिणेतील उपासकांचे दान तेथवर पोहोचले, यात मग नवल उरत नाही. गावाला स्वतःचा हा वारसा ठाऊक नसतानाही त्याचे नाव दोन हजार वर्षे लोकांच्या तोंडी टिकले.

आता गावाच्या आतील नावांकडे वळू. 'महारवाडा', 'मांगवाडा' ही नावे केवळ वस्ती दाखवीत नव्हती. गावकुसाबाहेरची जागा आणि माणसाची पायरी ती ठरवून देत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक ठिकाणी लोकांनी स्वतःच आपल्या वस्तीस भीमनगर म्हटले. शासनाने जातिवाचक वस्तीनामे बदलण्याचा निर्णय घेतला तो २०२० च्या डिसेंबरात. सुचविलेल्या नावांत समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर ही होती. लोक शासनाच्या किती पुढे होते, हे या दोन सनांवरूनच दिसते.

जुनी नावे पाटीवरून गेलीच पाहिजेत, याविषयी दुमत संभवत नाही. परंतु ती अभ्यासकाच्या वहीतूनही पुसली गेली, तर उद्या कोणी निर्धास्तपणे म्हणेल की गावात असा भेद कधी नव्हताच. भोगवर्धनाची साक्ष द्यायला सांचीचा दगड होता. वाड्यांची साक्ष देणारी पिढी मात्र वृद्ध झाली आहे. म्हणून प्रत्येक विहाराने आपल्या गावापुरती एक नोंदवही करावी : वस्ती वेशीच्या कोणत्या दिशेस होती, पाणवठा कोणता होता, नवे नाव कोणत्या वर्षी व कोणी दिले, आणि त्यास विरोध झाला असल्यास तो कसा झाला.