बंबापासून तपासणीपर्यंत : मुंबई अग्निशमन दलाची वाटचाल

फेब्रुवारी १८०३ मध्ये मुंबईच्या कोटात मोठी आग लागली आणि दाटीवाटीच्या वस्तीचा बराच भाग जळून गेला. नंतरच्या काळात आग विझवणं हे पोलिसांकडचं जोडकाम झालं. पुढे कापसाची गोदामं आली, गिरण्या आल्या, चाळी आल्या आणि जोडकामावर भागेना. १ एप्रिल १८८७ पासून मुंबई अग्निशमन दल स्वतंत्रपणे उभं राहिलं. १८८८ च्या महापालिका कायद्यानं आगीपासून नागरिकांचं रक्षण करण्याची जबाबदारी पालिकेवर आली. घोड्यांनी ओढायच्या बंबांची जागा मोटारींनी घेतली, भायखळ्याला मुख्यालय झालं, उपनगरांत केंद्रं वाढली. वर्दी आली की निघायचं, ही दलाची ओळख ठरली.

१४ एप्रिल १९४४ रोजी या ओळखीची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली. व्हिक्टोरिया गोदीतल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. दुपारी धूर दिसला, जवान जहाजावर चढले, आणि चारच्या सुमारास पहिला व अर्ध्या तासानं दुसरा स्फोट झाला. दलाचे ६६ जवान गेले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो. त्यांच्या शौर्याला तोड नाही. पण कापसाला लागून दारूगोळा रचला गेला, तिथेच त्या दिवशीचा अनर्थ ठरला होता. आग विझवणाऱ्याच्या आधी माल ठेवणाऱ्याला जबाबदार धरलं पाहिजे, हा त्या बलिदानाचा अर्थ कायद्यात उतरायला मात्र अनेक दशकं गेली.

स्वातंत्र्यानंतर अग्निशमन हे शिकण्याचं शास्त्र बनलं. १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालेलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय लवकरच नागपूरला आलं आणि तिथून देशभरासाठी अधिकारी तयार होऊ लागले. १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता आली. जिन्यांची रुंदी, बाहेर पडायच्या वाटा, पाण्याच्या टाक्या यांचे निकष लेखी झाले. महाराष्ट्रानं त्याला ठोस बळ दिलं ते ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ करून. डिसेंबर २००८ मध्ये तो अमलात आला.

या कायद्यानं दलाचं काम मुळापासून बदललं. आगीची यंत्रणा बसवणं आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणं हे आता मालकाचं किंवा भोगवटादाराचं कर्तव्य आहे. यंत्रणा बसवली की परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म ‘ए’ घ्यायचा. ती नीट चालते, याचा फॉर्म ‘बी’ दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा. दलाचा अधिकारी तपासणीला येऊ शकतो, नोटीस देऊ शकतो. धोका गंभीर असेल तर वीज-पाणी तोडून जागा सील करण्यापर्यंत कायद्याचा हात पोचतो. दुकान, हॉटेल, गोदाम, रुग्णालय, कारखान्याचा गाळा, सगळे या चौकटीत येतात.

तरीही आगी लागत राहिल्या. २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग विझवताना जुनी इमारत कोसळली आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई हे चार अधिकारी दलानं गमावले. १८ डिसेंबर २०१७ ला साकीनाक्याच्या फरसाणाच्या गाळ्यात १२ कामगार गेले. त्यानंतर दोन आठवडेही झाले नाहीत, तोच कमला मिलमधल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा बळी गेला. कित्येक जण स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. माणूस जीव वाचवायला बंद खोलीकडे धावतो, तेव्हा बाहेरची वाट त्याला सापडलेली नसते.

कमला मिलनंतर तपासणीसाठी दलात स्वतंत्र अनुपालन कक्ष उभे राहिले. रोजच्या वर्दीवर धावणाऱ्या माणसांकडेच तपासणीचंही काम असलं की ती मागे पडते, म्हणून हे पाऊल मोलाचं. पण प्रश्न मुंबईपुरता नव्हता. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं दगावली. त्याच वर्षी विरारला आणि अहमदनगरला अतिदक्षता विभाग पेटले. कायदा राज्यभर सारखाच होता. तो जागोजागी किती पाळला जातो, हाच खरा प्रश्न होता.

व्यावसायिकांची अडचण खोटी नाही. जुन्या इमारतीत दुसऱ्या जिन्याला जागा नसते, पंपाचा आणि पाइपचा खर्च मोठा असतो, भाड्याच्या गाळ्यात यंत्रणा कोणी बसवायची यावर मालक-भाडेकरूंत वाद होतात. या अडचणींवर दलाशी बोलून, आराखडा बदलून, वेळ मागून मार्ग निघतो. पण जिन्यात खोके रचणं, गच्चीच्या दाराला कुलूप लावणं, पोटमाळ्यावर कामगारांना झोपवणं आणि पंप न चालवताच फॉर्म ‘बी’वर सही घेणं, याला अडचण म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या जिवावर केलेली ती बचत आहे.

या प्रवासात दलानं विझवण्याची कला कमावली आणि थोपवण्याचा अधिकारही मिळवला. पुढचा टप्पा त्याच्या एकट्याच्या हातात नाही. जानेवारी आणि जुलैत प्रत्येक व्यावसायिकानं एजन्सीच्या माणसाबरोबर स्वतः उभं राहून पंप चालू करावा, नळीतून पाणी येताना पाहावं, अलार्म ऐकावा, दोन्ही वाटांनी बाहेर पडून दाखवावं आणि मगच सही घ्यावी. एवढं झालं, तर पुष्कळ वर्द्या द्याव्याच लागणार नाहीत.