मागच्या सस्पेन्शनची चाल वाढवताना

पावसाळ्यात सह्याद्रीतील एखादी कच्ची वाट चढताना जीपचे पुढचे डावे चाक कातळावर चढते, मागचे उजवे दुसऱ्या दगडावर टेकते आणि उरलेली दोन चाके अधांतरी राहतात. अधांतरी चाके गरगर फिरतात, जमिनीवरची जागची हलत नाहीत. चारही चाकांना गती देणारा गिअर टाकलेला असतो, इंजिनात ताकदही असते, तरीही गाडी अडते. याचे कारण डिफरन्शियलमध्ये आहे. साधे डिफरन्शियल अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. हवेत फिरणाऱ्या चाकाला नाममात्र पीळ पुरतो, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. यावर एक उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक. दुसरा उपाय, चाक हवेत जाऊच न देणे. त्यासाठी सस्पेन्शनची चाल वाढवावी लागते.

ही हौस असणाऱ्यांची संख्या शहरांत वाढते आहे. मात्र ‘चाल वाढवणे’ म्हणजे ‘गाडी उंच करणे’ असा समज सर्रास आढळतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि हा फरक न कळल्यामुळे पैसे तर वाया जातातच, शिवाय गाडी पूर्वीपेक्षा धोकादायक होते.

चाल आणि उंची

सस्पेन्शनची चाल म्हणजे चाक चॅसीच्या तुलनेत वर-खाली किती सरकू शकते ते अंतर. तिचे दोन भाग असतात. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चाक जिथे असते तिथून वर जाण्याची वाट म्हणजे वरची चाल. ती बम्प स्टॉप या रबरी ठोकळ्यापाशी संपते. त्याच जागेपासून खाली लोंबण्याची वाट म्हणजे खालची चाल. ती बहुधा शॉक अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण ताणला गेला की संपते. खड्ड्यातल्या चाकाला जमीन गाठायला उपयोगी पडते ती ही खालची चाल.

समजा, एका गाडीच्या मागच्या चाकांना चार इंच वरची आणि तीन इंच खालची, अशी एकूण सात इंच चाल आहे. मालकाने पाट्यांत फेरफार करून गाडी दोन इंच उंच केली, पण शॉक अ‍ॅब्सॉर्बर मूळचेच ठेवले. आता उभ्या स्थितीतच शॉक दोन इंच अधिक ताणलेला असेल. वरची चाल सहा इंच झाली, खालची अवघी एक इंच उरली. एकूण चाल सातच इंच राहिली आणि खड्ड्यात चाक पूर्वीपेक्षा लवकर अधांतरी होऊ लागले. गुरुत्वमध्य मात्र वर गेला, म्हणजे आडव्या उतारावर उलटण्याची भीती वाढली. खर्च करून गाडी मागे नेण्याचा हा प्रकार होय.

पाट्यांचे गणित

जुन्या महिंद्र जीप, मारुती जिप्सी आणि २०१० ते २०२० या काळातील थार या सर्व गाड्यांच्या मागे पाट्यांची कमान आहे. कमानीचे एक टोक चॅसीला पक्के असते, दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर टांगलेले असते. चाक वर गेले की कमान सपाट होऊन लांबते आणि शॅकल झुलून त्या वाढीव लांबीला जागा देते.

पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. लांबी १० टक्के वाढवली तर ताठरपणा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. जाडी निम्मी केली तर तेवढ्याच वाकण्यात पोलादावरचा ताणही निम्मा होतो. त्यामुळे थोड्या जाड पाट्यांपेक्षा अनेक पातळ आणि लांब पाटे अधिक वाकतात व अधिक काळ टिकतात. उंची मिळवण्यासाठी एखादा जाड पाटा वाढवण्याची पद्धत चालीच्या दृष्टीने उलटी आहे. त्यामुळे गाडी उचलली जाते, पण कमान ताठर होऊन हलकी मागची बाजू दगडांवर उडू लागते.

पाट्यांमधील घर्षण हाही एक अडसर असतो. गंज आणि चिखल साचलेली कमान मोकळेपणाने हलत नाही. पाटे उघडून साफ करणे, झिजलेले बुश बदलणे, शॅकलचे बोल्ट नेमून दिल्यापेक्षा जास्त न आवळणे एवढ्या कामानेही जुन्या गाडीत फरक जाणवतो. पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपा काढल्या तर चाक आणखी लोंबते, पण मग खाली लोंबताना सगळा भार मुख्य पाट्यावर येतो आणि तो तुटण्याचा संभव वाढतो. पॅराबोलिक प्रकारात मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळते होत जाणारे मोजकेच पाटे असतात. ते फक्त मध्यावर आणि टोकांवर टेकत असल्याने घर्षण कमी होते.

मूळ शॅकलऐवजी लांब शॅकल बसवणे हा स्वस्त म्हणून लोकप्रिय उपाय आहे. शॅकल दोन इंच लांब केले तर गाडी त्या ठिकाणी साधारण एक इंचच वर येते, कारण कमानीचे दुसरे टोक जागेवरच असते. शिवाय अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. बेताने वाढवलेले शॅकल कमानीला झुलायला जागा देते, फाजील लांब शॅकलमुळे मात्र गाडीचा मागचा भाग आडवा डुलू लागतो.

आणखी एक मार्ग अ‍ॅक्सलची जागा बदलण्याचा आहे. जिप्सीत अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर असतो. तो खाली घेऊन कमान वर बसवली की कमानीची जाडी आणि अ‍ॅक्सलच्या नळीचा व्यास मिळून गाडी बरीच उंच होते आणि मऊ पाटे तसेच वापरता येतात. पण जोर लावताना अ‍ॅक्सल पाट्यांना पीळ देतो, कमान नागमोडी वाकते आणि सुटल्यावर हादरा बसतो. तो आवरण्यासाठी वेगळा दांडा लावावा लागतो. अ‍ॅक्सलवरच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात, म्हणून हे काम कुशल हातांचेच आहे.

साखळीतल्या इतर कड्या

पाटे कितीही लवचीक केले तरी चाल ठरते ती सर्वांत आखूड कडीवर. पहिली कडी शॉक अ‍ॅब्सॉर्बरची. त्याच्या दोन लांब्या महत्त्वाच्या असतात, पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दाबलेली. दाबलेली लांबी जास्त असेल तर बम्प स्टॉपला टेकण्याआधी शॉकच तळाला आपटून फुटतो. म्हणून लांब शॉक घेताना वरची बैठक हलवावी लागते किंवा बम्प स्टॉप खाली आणावा लागतो. शॉक तिरपा बसवला तर तेवढ्याच शॉकमधून चाकाला अधिक चाल मिळते, मात्र त्याचा आवर घालण्याचा गुण तितकाच घटतो.

दुसरी कडी ब्रेकच्या रबरी नळीची. ताठ अ‍ॅक्सलच्या गाडीत चॅसीपासून अ‍ॅक्सलपर्यंत सहसा एकच नळी येते. चाल वाढली आणि नळी मूळचीच राहिली, तर पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत ती ताणली जाते. एकदा नाही, पण दहाव्या वेळी ती निखळू शकते, आणि तेव्हा गाडी बहुधा उतारावरच असते. अनेक वाहनांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. चॅसी आणि अ‍ॅक्सल यांच्यातील अंतरावरून तो भार ओळखतो. गाडी उंच केली की गाडी रिकामी आहे असे समजून तो मागचा दाब कमी करतो. भरलेल्या गाडीचे ब्रेक त्यामुळे कमी लागतात. या व्हॉल्व्हच्या दांडीची जुळणी नव्या उंचीप्रमाणे करणे आवश्यक असते.

तिसरी कडी प्रोपेलर शाफ्टची. जिप्सीचा व्हीलबेस २,३७५ मिलिमीटर असल्याने शाफ्ट आखूड आहे आणि आखूड शाफ्टचा कोन लवकर तीव्र होतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन सारखे राहिले नाहीत तर थरथर सुरू होते आणि जॉइंट क्रॉस झिजतात. पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत शाफ्टचा सरकता सांधा पुरेसा आत असला पाहिजे, नाहीतर शाफ्ट निखळून पडतो. चौथी कडी टायरची. वर गेलेले चाक मडगार्डला किंवा पाट्याला घासता कामा नये.

कॉइल स्प्रिंगच्या गाड्या

२०२० च्या थारमध्ये मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि मल्टिलिंक रचना आली. २०२३ मध्ये भारतात दाखल झालेल्या जिमनीत पुढे-मागे दोन्हीकडे ताठ अ‍ॅक्सल आणि कॉइल आहेत. कॉइलला अ‍ॅक्सल जागेवर धरण्याचे काम करावे लागत नाही, ते दांडे करतात. म्हणून चाल मिळवणे तुलनेने सोपे जाते. तरी अडचणी आहेतच. फार लोंबल्यास कॉइल बैठकीतून सुटते. अ‍ॅक्सल आडवा धरणारा पॅनहार्ड दांडा गाडी उंच केल्यावर तिरपा होतो आणि अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. तेव्हा कमी-जास्त करता येणारा दांडा बसवावा लागतो. २०२४ च्या थार रॉक्समध्ये पॅनहार्डऐवजी वॅट लिंकेज आहे. त्यात अ‍ॅक्सल जवळपास सरळ रेषेत वर-खाली होतो.

आधी मोजमाप, मग खरेदी

सुटे भाग घेण्यापूर्वी एक दिवस मोजमापाला द्यावा. चॅसी मजबूत स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. शॉक काढून एक चाक बम्प स्टॉपपर्यंत दाबावे, दुसरे लोंबू द्यावे आणि शॉकच्या दोन्ही बैठकांमधील अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. त्याच अवस्थेत ब्रेकची नळी, शाफ्ट आणि टायर तपासावेत. कोणती कडी सर्वांत आधी अडते ते इथे कळते आणि तीच आधी बदलायची असते. शॉक किंवा नळीवर ताण येऊ नये म्हणून अ‍ॅक्सलला मर्यादा घालणारा पट्टाही बांधता येतो.

निकाल मोजण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. २० अंशांच्या उतरंडीवर एक पुढचे चाक चढवत न्यायचे आणि दुसरे कोणतेही चाक उचलले जाताच थांबायचे. उतरंडीवर कापलेल्या अंतराला व्हीलबेसने भागून हजाराने गुणले की रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स मिळतो. जिप्सी १,४२५ मिलिमीटर चढली तर तिचा निर्देशांक ६०० येईल; त्या वेळी तिचे चाक जमिनीपासून सुमारे ४८७ मिलिमीटर उंच असेल. बदलापूर्वी आणि नंतर हा आकडा काढला की पैसे कुठे गेले ते स्पष्ट होते. केवळ मागची चाल वाढवली आणि पुढचे सस्पेन्शन ताठच राहिले, तर गाडीचा वरचा भाग पुढच्या अ‍ॅक्सलबरोबर कलतो, हेही या चाचणीत दिसते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. काम हाती घेण्यापूर्वी आरटीओत चौकशी करणे आणि विमा कंपनीला कळवणे शहाणपणाचे ठरते.

जी गाडी सोमवारी मुलांना शाळेत सोडते आणि रविवारी डोंगरात जाते, तिच्यासाठी स्वच्छ पाटे, नवे बुश, मोजून घेतलेले शॉक आणि पुरेशी लांब ब्रेकची नळी एवढे बहुधा पुरेसे असते. त्यापुढे चाक उचललेच, तर डिफरन्शियल लॉक कामी येतो आणि गाडीची उंची होती तेवढीच राहते.